दोन स्टार

मॅडम,

काल ऑफिसात एका मुलीने मला सगळ्यांसमोर सांगितलं की मी चुकते आहे. नोकरीला लागून तिला वर्षही झालेलं नाही. मी फळ्यावर आकृती काढून काहीतरी समजावत होते, ती मधेच म्हणाली, "मॅडम, हे असं होणार नाही. मी करून पाहिलंय." माझे कान गरम झाले. तिला मी फळ्यापाशी बोलावलं, तिने माझी एक रेघ पुसून दुसरी काढली, आणि तिचंच बरोबर होतं. सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "तुम्हाला राग तर नाही ना आला?" मी नाही म्हणाले, आणि तो खरंच आला नव्हता. पण ती गेल्यावर मला काम सुचेना. तिच्या वयाची असताना एवढंच एक वाक्य मला तुम्हाला सांगायचं होतं. मी ते सांगितलं नाही. आता तुम्ही जाऊनही इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात.

तुम्ही आम्हाला दुसऱ्या वर्षाला सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवत होता. तुम्ही मूळच्या गणिताच्या. जळगावच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्स नुकता सुरू झालेला, शिकवायला माणूस मिळत नव्हता, आणि गणित विभागात बाकी कुणालाच ती कटकट नको होती, म्हणून ती तुमच्या गळ्यात पडली. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला जाऊन तुम्ही एक लहानसं प्रशिक्षण घेऊन आलात आणि जूनपासून आमच्यासमोर उभ्या राहिलात. आमच्यापेक्षा जेमतेम दोन धडे पुढे असायच्या तुम्ही. हे तुम्ही लपवलं नाही. कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसलं, की हातातला खडू टेबलावर ठेवून शांतपणे म्हणायच्या, "उद्या सांगते." आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आल्याबरोबर, हजेरीच्याही आधी, ते सांगायच्या. पोरांनी तुमचं नाव 'उद्या मॅडम' पाडलं होतं. कुणी पाडलं ते आठवत नाही. मी नाही, पण मीही तेच म्हणायचे. हॉस्टेलच्या मेसमध्ये आमटीत भाकरी चुरता चुरता तुमची नक्कल करायचे, खडूऐवजी चमचा ताटात ठेवून. सगळ्या हसायच्या. माझी खोलीतली मैत्रीण, बोदवडची, ती तेवढी म्हणायची, "हसू नका गं. उद्या म्हणतात आणि उद्या सांगतात. बाकीचे सर तर कधीच सांगत नाहीत."

पॉइंटर तुम्ही फार छान शिकवला होता. तो तास मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही फळ्यावर एक घर काढता, त्याच्या दारावर 'पिंप्राळा' लिहिता आणि म्हणता, "हे माझं घर. आणि तुमच्या वहीत माझा पत्ता आहे. वही म्हणजे घर नाही. वही फाटली म्हणून माझं घर पडणार नाही. पण वहीत पत्ता आहे म्हणून तुम्ही माझ्या दारापर्यंत येऊ शकता, आत येऊन माझी खुर्ची इकडची तिकडे करू शकता. पॉइंटर म्हणजे एवढंच. ज्याच्यात वस्तू नसते, वस्तूचा पत्ता असतो." पत्ता आहे हे सांगायला नावाआधी एक चांदणी काढायची, तिला आम्ही स्टार म्हणायचो. शेतातून आलेली, इंग्रजीने आधीच घाबरलेली आम्ही पोरं. आम्हाला ते त्या दिवशी कळलं, आणि आपल्याला कळलं याचंच आम्हाला नवल वाटलं.

नंतर दोन मितींचे अ‍ॅरे आले. आडव्या ओळी, उभ्या रांगा, गणितातल्या मॅट्रिक्ससारखे आकडे मांडलेले. ते तर तुमच्या घरचंच होतं, फळ्यावर तुमचा हात कसा सुटून चालायचा. त्या दिवशी जळगाव शहरातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, असा दोन मितींचा अ‍ॅरे फंक्शनला द्यायचा असेल, तर त्याचा पॉइंटर कसा लिहायचा?" तुम्ही थांबलात. खडू टेबलाकडे जायला लागला आणि मागच्या बाकांवरून, तुम्ही तोंड उघडायच्या आधीच, दोघा-तिघांनी दबक्या आवाजात तुमचा शब्द म्हटला. वर्गात खसखस पिकली. मीही हसले. नेमके त्याच वेळी विभागप्रमुख कसलीतरी नोटीस घेऊन दारात उभे होते. तुम्ही एकदा त्यांच्याकडे पाहिलंत, एकदा आमच्याकडे. खडू टेबलावर गेलाच नाही. तुम्ही फळ्याकडे वळलात आणि म्हणालात, "एका मितीला एक स्टार. दोन मितींना दोन. पत्त्याचा पत्ता. अ‍ॅरे काय, दोन स्टार काय, दोन्ही एकच आहे." आणि दोन चांदण्या काढल्यात. आम्ही लिहून घेतलं. त्या वर्षातलं, न तपासता दिलेलं तुमचं ते एकमेव उत्तर असावं.

त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला मी ते करून पाहिलं. कॉम्प्युटरची ती खोली आठवते तुम्हाला, चपला बाहेर काढून जायचं, आत थंडगार, आणि दोघींत एक मशीन. मैत्रीण त्या दिवशी ताप आला म्हणून बोदवडला गेली होती, त्यामुळे मशीन माझं एकटीचं होतं. मी दोन स्टार लावून अ‍ॅरे फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या वेगळ्या तुकड्याला, दिला. प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरने इशारा दिला, तो मी सोडून दिला. चालवलं तर पडद्यावर भलतेच आकडे आले. दुसऱ्यांदा चालवलं तर मशीनच गोठलं. मी पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मग मी कागदावर घरं काढत बसले, तुम्ही शिकवलं होतं तशीच, आणि तास संपायच्या आत माझ्या लक्षात आलं की दोन्ही एकच नाही. मॅडम, त्या क्षणाइतका निखळ आनंद मला नंतर कुठल्या पगारवाढीचाही झाला नाही. मी चपला घालायलाही न थांबता, हातात चपला घेऊन स्टाफरूमकडे धावले. तुम्हाला सांगायचं होतं. आपण तुमची चूक काढतोय असं काही मला त्या वेळी वाटतच नव्हतं. उलट वाटत होतं की तुम्हाला केवढा आनंद होईल.

दार अर्धवट उघडं होतं. आत विभागप्रमुख बोलत होते. ते वाईट बोलत नव्हते. त्यांचा आवाज कायम मऊ असायचा. "पोरं आपसांत बोलतात, माझ्या कानावर येतं. पुढच्या वर्षी सीसाठी बाहेरचा माणूस बघू या. तुम्हालाही उगाच त्रास." तुम्ही म्हणालात, "चालेल सर. पण हे वर्ष मला पूर्ण करू द्या. या पोरांना मी अर्ध्यात आणलंय." मग कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मी मागे फिरले.

त्या दिवशी मागे फिरले यात काही चूक झाली असं मला आजही वाटत नाही. विभागप्रमुखांसमोर जाऊन तुमची चूक कोण सांगेल? पण उद्या सांगायला हवी होती, एकटं गाठून. मी मनाशी ठरवलं की आता नको, त्यांना आधीच ऐकावं लागतंय, आणखी माझी भर कशाला. हे ठरवताना मला मी फार चांगली मुलगी वाटले. परवा नको वाटलं, तेरवा नको वाटलं, मग सबमिशन आलं, मग परीक्षेची सुटी लागली. मैत्रिणीलाही बोलले नाही. तिच्या पोटात काही राहायचं नाही, ती वर्गात उभी राहून भाबडेपणाने सगळ्यांसमोर विचारेल अशी मला भीती होती. मी तुम्हाला जपत होते, मॅडम. निदान मी त्याला तेच नाव दिलं होतं.

आमचं गाव धुळ्याच्या पुढे, साक्रीच्या रस्त्याला. एप्रिलमधली ती दुपार. आईने ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, घातले होते. मागच्या अंगणात जुन्या लुगड्यावर ओळीच्या ओळी वाळत पडल्या होत्या आणि मी सावलीत बसून कावळे हाकलत वाचत होते. फाट्यावर उतरून कुणीतरी चालत येताना दिसलं. पदर डोक्यावर घेतलेला, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हाने लालबुंद. दारात येईपर्यंत मी तुम्हाला ओळखलंच नाही. कॉलेजातली बाई आमच्या अंगणात, हे माझ्या डोक्यातच बसेना. आई आतून लगबगीने आली. "बठा मॅडम, बठा. कितलं ऊन शे बाहेर." तिने आधी गूळ-पाणी दिलं, मग माठातलं पाणी. तुम्ही दोन्ही हातांनी तांब्या धरून प्यालात आणि तांब्या खाली ठेवून लगेच बोललात, तब्येत नाही, अभ्यास नाही, काहीच न विचारता. "मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली. ती दुरुस्त करायला आले."

कॉलेज रिकामं झाल्यावर तुम्ही लॅबमध्ये बसून सगळे प्रोग्राम पुन्हा एकदा चालवून पाहत होता. दोन स्टारचा चालेना. मग तुम्ही पुस्तक घेऊन बसलात, तेव्हा कळलं. पत्र टाकलं तर ते कधी मिळेल, आणि पत्रात हे समजेल की नाही, याची खात्री नव्हती, म्हणून ऑफिसातून आमचे पत्ते घेऊन तुम्ही एसटीने निघालात. जळगावातली पोरं आधी झाली. मग यावलला जाऊन केळीच्या बागेत पाणी देत असलेल्या एकाला बांधावर बसवून समजावलंत. बोदवडला जाऊन आलात. आज धुळ्याची बाजू. हे तुम्ही असं सांगत होता, जसं कुणी बाजारातून काय काय आणलं ते सांगतं.

"वही आण," म्हणालात, आणि मग तुमचं लक्ष बिबड्यांकडे गेलं. "नको. इकडे ये." तुम्ही लुगड्याच्या कडेला उकिडव्या बसलात. आई आतून म्हणाली, "बिबडास्ले हात नका लावू मॅडम, आजून वल्ला शेतस." तुम्ही हसून ओल्या बिबड्यांवरचा हात मागे घेतलात आणि बोटाने नुसतं दाखवत गेलात. "बघ. आईंनी एका ओळीत जेवढे बसले तेवढे घातले, मग दुसरी ओळ, मग तिसरी. मशीनच्या आत हे असं चौकोनीसुद्धा नसतं. पहिली ओळ संपली की तिला लागूनच दुसरी, तिला लागून तिसरी, सगळे एका लांब रांगेत. दुसऱ्या ओळीचा पहिला बिबडा शोधायचा तर काय माहीत हवं? एका ओळीत किती आहेत ते. तेवढे ओलांडले की दुसरी ओळ. म्हणून फंक्शनला ओळीची लांबी सांगावीच लागते. आता दोन स्टार म्हणजे काय? पत्त्याचा पत्ता. म्हणजे इथे आधी चिठ्ठ्यांची एक रांग हवी, प्रत्येक चिठ्ठीवर एकेका ओळीचा पत्ता. आहे का इथे एक तरी चिठ्ठी? नुसते बिबडे आहेत. मी तुम्हाला सांगितलं की बिबडा उचला आणि चिठ्ठी समजून वाचा. मग मशीन त्या आकड्यालाच पत्ता समजून भलतीकडे जातं. गोठेल नाही तर काय होईल?"

इतकं सोपं करून मला ते त्यानंतर कुणीही सांगितलेलं नाही. पण मी मान हलवत होते ती जरा लवकर हलवत होते. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत. तुम्ही बोलायच्या थांबलात आणि माझ्याकडे पाहिलंत.

"तुला हे ठाऊक होतं."

मी कावळा हाकलायला हात उचलला.

"कधीपासून?"

"तुम्ही शिकवलं त्याच आठवड्यात. लॅबमध्ये करून पाहिलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, मॅडम."

तुम्ही उठून उभ्या राहिलात. गुडघ्याला लागलेली माती झटकलीत. तुम्ही आवाज चढवला नाही. "वाईट वाटलंच असतं," म्हणालात. "एक दिवस वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाला सांगितलं असतं. तू माझी कीव केलीस. माझी कीव करायला घरीदारी पुष्कळ लोक आहेत गं. वर्गात तरी मला ती नको होती." आईने ताट वाढलं, कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी. तुम्ही नको न म्हणता जेवलात, आईशी बिबड्यांच्या पिठाबद्दल बोललात, माझ्याशी नाही. निघताना मात्र फाट्यापर्यंत मला बरोबर घेतलंत. "तुझ्या मैत्रिणीच्या घराला कुलूप होतं. सगळे सुरतेला लग्नाला गेलेत म्हणे, परीक्षेच्या तोंडावर येतील. आता तिच्याकडे पुन्हा जायला मला जमणार नाही. तिला तू सांग. नुसतं सांगू नकोस, बसवून समजाव. तिच्याकडून एकदा लिहून घे." मी म्हणाले, "हो मॅडम." घरी आले तर आई ओट्यावर बसून होती. "इतला ऊनमा फक्त एक गनित सांगाले उन्यात त्या?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो. आई उठून बिबडे उलटायला गेली.

मैत्रीण परीक्षेच्या आदल्या दिवशी आली नाही. सुरतेची गाडी उशिरा आली आणि ती प्रॅक्टिकलच्या सकाळी स्टेशनवरून थेट कॉलेजात आली, हातावर मेंदी, हातात लग्नाची पिशवी. लॅबच्या बाहेर आम्ही सगळे चपला काढत उभे होतो. तिला घेऊन जरा बाजूला बसायला वेळ होता, मॅडम. फार नाही, पण होता. आमचा नंबर यायचा होता आणि समोर जिन्याच्या पायऱ्या रिकाम्या होत्या. पण माझ्या हातात माझी वही होती आणि मला फाइलचा प्रोग्राम शेवटचा डोळ्यांखालून घालायचा होता. मी वहीतून मान वर न करता म्हणाले, "ते दोन स्टारवालं लिहू नको हं, ते चुकीचं आहे. ओळीची लांबी द्यायची." ती म्हणाली, "हं?" आणि तेवढ्यात कुणीतरी तिची मेंदी बघायला तिचा हात ओढला. मी पान उलटलं. तुम्ही ज्यासाठी उन्हातून दिवस दिवस फिरलात, त्याचं मी दारात एक वाक्य केलं, आणि माझं काम झालं असं समजले.

परीक्षेत तिने उचललेल्या प्रश्नाच्या चिठ्ठीत तेच आलं. दोन मॅट्रिक्सची बेरीज, फंक्शन वापरून, पॉइंटरने. मी पलीकडच्या मशीनवर होते. मला तिचा पडदा अर्धा दिसत होता. तिने दोन स्टार लावले. मशीन गोठलं. बाहेरून आलेले परीक्षक तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, हे असं का लिहिलंस? ती घाबरली होती, पण तिचा तुमच्यावर विश्वास होता. तिने अगदी स्वच्छ आवाजात सांगितलं, "आमच्या मॅडमनी असंच शिकवलंय." खोलीतले सगळे थांबले. विभागप्रमुख तिथेच होते. तुम्हीही होता, खिडकीपाशी. "ही चूक दुरुस्त करायला मी प्रत्येकाच्या घरी गेले होते, हिच्याकडे कुलूप होतं, मी निरोप दिला होता" असं तुम्ही म्हणू शकला असता. तुमची नजर एकदाच माझ्याकडे आली. त्या नजरेत राग नव्हता. मी तिला सांगितलं की नाही, एवढंच ती विचारत होती. मी माझ्या पडद्याकडे बघायला लागले. तेव्हा तुम्ही पुढे आलात आणि परीक्षकांना म्हणालात, "ती बरोबर सांगतेय सर. मी वर्गात असंच शिकवलं होतं. चूक माझी आहे, तिचे मार्क कापू नका." ते म्हणाले, "प्रोग्राम तर चालायला हवा ना मॅडम." मी उठू शकले असते. माझा प्रोग्राम केव्हाच चालून झाला होता.

ती प्रॅक्टिकलला नापास झाली. पुन्हा परीक्षा देता आली असती. पण सुरतेच्या त्या लग्नातच तिला कुणीतरी पाहून ठेवलं होतं. ती पास होत गेली असती तर तिचे वडील तिसरं वर्ष होऊ देणार होते, तसं त्यांनी तिला कबूल केलं होतं. नापास झाल्यावर कुणी तो विषयच काढला नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. आणि पुढच्या वर्षी सी शिकवायला बाहेरचे सर आले. फार फाड फाड बोलायचे. त्यांना कधीच काही उद्यावर ठेवावं लागलं नाही. तुम्ही पुन्हा अकरावी-बारावीच्या वर्गांवर गेलात. ज्याच्यापासून तुम्हाला वाचवायचं म्हणून मी तोंड बंद ठेवलं होतं, ते सगळं तसंच झालं. वर तिचंही नुकसान झालं.

मी तिला पुढे कित्येक वर्षांनी जळगावात एका लग्नात भेटले. सुरतेत नवऱ्याबरोबर साड्यांचं दुकान चालवते, अंगाने भरली आहे, हसणं तेच आहे. ती तुमचीच आठवण काढत होती. "माझ्यासाठी त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःवर घेतलं गं. माझ्यासाठी असं दुसऱ्या कुणी केलं नाही." मग मी तिला सांगितलं. मला आधीपासून माहीत होतं ते, तुम्ही आमच्या गावी आलात ते, तिला समजावण्याचं काम माझ्यावर सोपवलं होतं ते. चपलांपाशी मी बोलले होते हे तिला आठवतसुद्धा नव्हतं. तिने ताटातली जिलबी बाजूला सारली. मग म्हणाली, "बसून समजावलं असतंस, तर मला समजलं असतं." अजिबात न रागावता म्हणाली. मग तिच्या मुलीने हाक मारली आणि ती उठून गेली.

तुमच्याकडे मात्र मी एकदा आले होते, तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर. पिंप्राळ्याचं तुमचं घर, पुढे लहानसं गेट, आत मोपेड. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात भरताची वांगी भाजत होता. मला तिथेच पाटावर बसवलंत. मी सुरुवात केली, "मॅडम, त्या दिवशी..." तुम्ही वांगं उलटत म्हणालात, "ते झालं. ते आता तुझ्यापाशी राहू दे, मला नको. त्यापेक्षा मला एक सांग." आणि हात पुसून तुम्ही माझ्यासमोर बसलात. "विषय माझ्याकडे नाही, पण डोक्यातून जात नाही. दोन स्टार त्या अ‍ॅरेला चालत नाहीत, हे कळलं. पण मग ते भाषेत ठेवलेत कशाला? कुणीतरी ते उगाच ठेवले नसतील. ते कधी लागतात?"

मला तुमचा चेहरा दिसतोय. परीक्षा घेतल्यासारखं तुम्ही विचारत नव्हता. तुम्हाला खरंच हवं होतं ते. चुलीसारख्या तापलेल्या त्या लहान खोलीत, वांग्याच्या धुरात, तुम्ही माझ्या विद्यार्थिनी होऊन बसला होता. आणि मी पाय दुमडून, नव्या सरांच्या थाटात म्हणाले, "ते फारसं कुणी वापरत नाही, मॅडम. जुनं आहे ते." तुम्ही "असं?" म्हणालात. तुम्हाला ते पटलेलं नव्हतं. "बघते मी पुस्तकात. तूही बघ. रविवारी ये, मग बोलू."

पुण्याला नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी मला ते कळलं. ओळींच्या लांब्या आधी ठाऊक नसल्या, प्रत्येक ओळ वेगळ्या लांबीची असली, प्रोग्राम चालू असतानाच जागा मागून घ्यायची असली, की आधी पत्त्यांची रांग करतात आणि मग एकेक ओळ. तिथे दोनच स्टार लागतात, दुसरं काही चालत नाही. तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं ते त्या अ‍ॅरेसाठी चुकीचं होतं, पण सगळ्याच ठिकाणी ते चुकीचं नव्हतं. पुण्याहून तुम्हाला हे कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी दिवाळीत सांगू म्हटलं. दिवाळीत गावीच राहिले, जळगावला आलेच नाही. पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी फोनवर बोलता बोलता सांगितलं की तुम्ही गेलात, दुखणं आधीपासूनच होतं, आणि ते ऐकलं तेव्हा तुमचा दहावाही होऊन गेला होता.

पिंप्राळ्याला त्या गल्लीत आता उंच इमारती झाल्यात, तुमच्या घराचं गेटही उरलेलं नाही, त्यामुळे हा कागद टाकायला पेटीही नाही. तो इथेच राहील. पण लिहायला बसलेच आहे तर त्या रविवारचं सांगते. सोमवारी कॉरिडॉरमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले होते की प्रोजेक्टच्या कामामुळे यायला जमलं नाही. प्रोजेक्टचं काम नव्हतं. मी आले होते. गेट उघडं होतं, तुम्ही ओसरीत पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता, आणि मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या सावलीला थांबून तुम्हाला बघत होते. आत आले असते तर तुम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला असता, आणि मला 'माहीत नाही' असं म्हणावं लागलं असतं. तेवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नसते, म्हणून मी परत गेले.